जोर्वे मृद्भांडी : घडण, चित्रण आणि अन्वय

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासाचे अध्यापन बहुतेक ठिकाणी सातवाहन काळापासून सुरू होते. शिलालेख, नाणी आणि लेणी ही त्या काळाची साधने विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतात. त्याआधी किमान दीड हजार वर्षे या भूमीत शेतकऱ्यांची स्थिर गावे होती. मात्र त्या लोकांनी लेखन मागे ठेवले नाही. त्यांच्याविषयी जे ज्ञात आहे त्याचा मोठा भाग मातीच्या भांड्यांवर आणि त्यांच्या खापरांवर आधारलेला आहे. या भांड्यांमध्ये घडणीच्या व चित्रणाच्या दृष्टीने सर्वांत परिपक्व परंपरा म्हणजे जोर्वे मृद्भांडी होत.

प्रस्तुत लेखात या भांड्यांची घडण, आकार व चित्रण यांचा परिचय करून देऊन, त्यांच्या आधारे समाजाविषयी कोणती विधाने करता येतात आणि कोणती करता येत नाहीत, याची चर्चा केली आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील झुनी या आदिवासी समाजाच्या भांड्यांचा आधार घेतला आहे. झुनी कुंभारणींना त्यांच्या नक्षीचा अर्थ विचारणे संशोधकांना शक्य झाले; जोर्वे कुंभाराच्या बाबतीत ती संधी नाही. या फरकामुळे अन्वयार्थाच्या मर्यादा अधिक स्पष्ट होतात.

शोध आणि कालक्रम

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी जोर्वे हे गाव आहे. १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींसोबत काळ्या रंगाने चित्रित केलेली तांबडी भांडी मिळाली. पुढे अशीच भांडी नेवासे, दायमाबाद, चांडोली, प्रकाशे, बहाळ, इनामगाव अशा अनेक स्थळी आढळली. परंतु पुरातत्त्वातील प्रथेप्रमाणे ज्या स्थळी ती प्रथम ओळखली गेली त्या स्थळाचेच नाव त्यांना मिळाले. आज या संस्कृतीची दोनशेहून अधिक स्थळे ज्ञात आहेत.

कालक्रमाचा उलगडा प्रामुख्याने दोन स्थळांमुळे झाला. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि सा. आ. साळी यांनी १९५८ ते १९७९ या काळात टप्प्याटप्प्याने उत्खनन केले. तेथे सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच सांस्कृतिक थर एकावर एक मिळाले. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे १९६८ पासून पुढे दीड दशकाच्या सुमारास डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झ. दा. अन्सारी यांनी विस्तृत प्रमाणावर उत्खनन केले. तेथील थरांची विभागणी माळवा (सुमारे इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (सुमारे इ.स.पू. १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (सुमारे इ.स.पू. १००० ते ७००) अशी केली जाते.

जोर्वे भांडी एकाएकी अवतरलेली नाहीत, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. इनामगावात माळवा भांडी आणि जोर्वे भांडी यांच्या दरम्यान वस्तीचा खंड दिसत नाही. माळवा भांड्यांचा पृष्ठभाग पिवळट किंवा नारिंगी लेपाचा असून त्यावर काळ्या वा गडद तपकिरी रंगाने चित्रण असते. त्यांचे काही आकार आणि नक्षीचे घटक जोर्वे परंपरेने पुढे चालविले. मात्र माती, भाजणी व शिस्त या तिन्ही बाबतीत तिने मोठी मजल मारली.

माती, चाक आणि भट्टी

जोर्वे भांड्याचा तुकडा हातात घेतल्यावर तीन गोष्टी प्रथम जाणवतात. त्याची माती बारीक व एकसंध असते. भांड्याची जाडी सर्वत्र जवळजवळ सारखी असते. आणि नखाने टिचकी मारली असता त्यातून धातूसारखा खणखणीत नाद येतो. या तिन्ही गोष्टी तीन स्वतंत्र कौशल्यांच्या खुणा आहेत.

मातीची एकसंधता ही ती निथळून घेतल्याची खूण होय. पाण्यात कालवलेल्या मातीतील जड खडे व वाळू तळाशी बसते आणि वरची बारीक माती वेगळी काढता येते. अशी माती चाकावर पातळ ओढली तरी फाटत नाही. उलट, ज्या भांड्याला विस्तवावर चढवायचे असते त्याची माती इतकी बारीक असून चालत नाही. ते तापल्यावर तडकते. म्हणून स्वयंपाकाच्या व साठवणीच्या भांड्यांसाठी भरड मिश्रण वापरले जाते. महाराष्ट्रातील कुंभार अलीकडेपर्यंत मातीत घोड्याची लीद व राख मिसळत आले आहेत, त्यामागे हेच कारण आहे. जोर्वे गावांमध्येही चित्रित तांबड्या भांड्यांच्या जोडीला भरड, हाताने घडविलेली तांबडी आणि करडी भांडी मोठ्या संख्येने मिळतात. एकाच गावात दोन प्रकारची माती दोन वेगळ्या उपयोगांसाठी तयार केली जात होती, असा याचा अर्थ होतो.

चाकाच्या वापराची साक्ष भांड्याच्या आतील बाजूस मिळते. फिरत्या चाकावर बोटांच्या दाबाने उमटलेल्या समांतर वलयरेषा आत तशाच राहतात; बाहेरचा पृष्ठभाग मात्र पुसून गुळगुळीत केलेला असतो. तोटीचे भांडे एका बैठकीत पूर्ण होत नाही. मुख्य भांडे चाकावर उतरवावे लागते, तोटीची नळी स्वतंत्र करावी लागते, आणि दोन्ही भाग योग्य तेवढे सुकल्यावर सांधावे लागतात. एक भाग अधिक ओला व दुसरा अधिक कोरडा राहिला तर आकुंचन विषम होऊन सांधा भट्टीत उघडतो. मोठ्या संख्येने तोट्या नीट टिकलेल्या आहेत यावरून कारागिराचा मातीच्या सुकण्याविषयीचा अंदाज किती पक्का होता हे लक्षात येते.

तिसरे कौशल्य भाजणीचे. खणखणीत नाद हा उच्च व सम तापमानाचा परिणाम होय. तांबडा रंग येण्यासाठी भाजताना पुरेशी हवा खेळती राहावी लागते. त्यामुळे मातीतील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन ती तांबूस होते. याच हवेत काळी नक्षीही काळीच राहावी, ही खरी कसोटी असते. केवळ लोहयुक्त रंग अशा भाजणीत तांबडा पडण्याचा संभव असतो. मँगॅनीजयुक्त खनिजाचा रंग काळा टिकून राहतो. म्हणजेच चित्रण भाजण्यापूर्वी करताना कारागिराला रंगाचे भाजल्यानंतरचे रूप ठाऊक असावे लागते. दायमाबाद आणि इनामगाव या दोन्ही ठिकाणी कुंभाराच्या भट्ट्यांचे अवशेष मिळाले असून, उघड्या आव्यापेक्षा अधिक नियंत्रित भाजणीची परंपरा त्यावरून सूचित होते.

आकार : तीन प्रमुख प्रकार

चित्रित जोर्वे भांड्यांचे आकार संख्येने थोडे आहेत. लांब नळीदार तोटीचे व बाहेर उमललेल्या काठाचे भांडे, मध्यावर स्पष्ट कंगोरा असलेला आत वळलेल्या भिंतीचा वाडगा, आणि उंच मानेचा गोल कुंभ हे तीन प्रकार सर्वत्र पुन्हापुन्हा येतात. तापी खोऱ्यापासून भीमा खोऱ्यापर्यंतच्या गावांमध्ये हे आकार इतके सारखे आहेत की एका स्थळाचे खापर दुसऱ्या स्थळाच्या खापरांत मिसळले तर वेगळे काढणे कठीण जावे.

आकारांचा हा मर्यादित संच कल्पकतेच्या अभावाचे लक्षण मानणे योग्य नाही. ठरावीक उपयोगासाठी ठरावीक भांडे, अशी समाजमान्य अपेक्षा त्यामागे दिसते. तोटीचे भांडे द्रव ओतण्यासाठी आणि वाडगा खाण्यापिण्यासाठी सोयीचा होता. हीच जोडी दफनांमध्येही आढळते. जोर्वे गावांत मृतांना बहुधा घराच्या जमिनीखालीच पुरले जाई. लहान मुलांचे दफन हाताने घडविलेल्या दोन करड्या कुंभांत, त्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, आडव्या स्थितीत केले जाई. प्रौढ व्यक्तीला खड्ड्यात उत्तर-दक्षिण निजवीत आणि घोट्याखालील पावले बहुधा तोडलेली असत. या दफनांसोबत तोटीचे भांडे व वाडगा ठेवण्याची प्रथा होती. रोजच्या जेवणातील भांडी मृताच्याही सोबत दिली जात, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

चित्रणाची शिस्त

जोर्वे चित्रण प्रामुख्याने भौमितिक आहे. तिरप्या समांतर रेषांचे गट, रेषांनी भरलेले त्रिकोण, शंकरपाळीच्या आकाराची जाळी, शिडी, नागमोडी रेषा आणि आडवे पट्टे हे त्याचे मुख्य घटक होत. प्राण्यांच्या आकृती क्वचित आढळतात. सावळदा भांड्यांवर बाणाग्रे, गळ यांसारखी हत्यारे व प्राणी रंगविलेले दिसतात. त्यांच्याशी तुलना करता जोर्वे नक्षीचा संयम चटकन नजरेत भरतो.

या नक्षीची मांडणी भांड्याच्या रचनेशी बांधलेली असते. चित्रण बहुधा भांड्याच्या वरच्या भागात, म्हणजे काठ, मान व खांदा यांवर येते. खालचा भाग मोकळा सोडला जातो. जमिनीवर बसलेल्या माणसाला, जमिनीवर ठेवलेल्या भांड्याचा जो भाग दिसतो तोच भाग सजविला आहे. वाडग्याच्या बाबतीत कंगोरा हीच नक्षीची खालची सीमा ठरते. भांड्याचा आकार आणि चित्राची चौकट या दोन गोष्टी कारागिराच्या मनात एकत्रच ठरत असल्या पाहिजेत.

रेषांची तपासणी केली तर आणखी एक बाब कळते. समांतर रेषा ओढताना कुंचला प्रत्येक वेळी रंगात बुडवावा लागतो. त्यामुळे रेषेच्या आरंभी रंग दाट व शेवटी विरळ होतो. हा उतार पाहून रेषा कोणत्या दिशेने ओढली हे सांगता येते. वर्तुळाकार पट्टीत त्रिकोणांची रांग बसविताना शेवटचा त्रिकोण पहिल्याला नेमका मिळाला, की जागा कमी पडल्याने तो दाबून बसवावा लागला, हेही पाहता येते. खापरावरील अशा खुणा कारागिराच्या हाताची सवय सांगतात आणि त्यासाठी कोणत्याही महागड्या उपकरणाची गरज नसते.

झुनी परंपरेशी तुलना

झुनी भांडी घडविण्याची रीत जोर्वेपेक्षा अगदी निराळी आहे. तेथे चाक नव्हते. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, खरवडून भांडे उभे केले जाई आणि हे काम मुख्यतः स्त्रिया करीत. पांढऱ्या लेपावर काळ्या व तांबड्या रंगाने, युक्का वनस्पतीच्या पात्याच्या कुंचल्याने चित्रण होई, आणि मेंढ्यांच्या वाळलेल्या शेणाच्या जळणात उघड्यावर भाजणी होई. पाण्याच्या मोठ्या घड्यावर हरणाची आकृती असून तिच्या तोंडापासून हृदयापर्यंत जाणारी बाणासारखी रेषा हे झुनी चित्रणाचे सर्वपरिचित वैशिष्ट्य होय.

फ्रँक कुशिंग हे १८७९ पासून काही वर्षे झुनी गावात राहिले आणि १८८६ मध्ये त्यांचा झुनी भांड्यांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. भांड्याभोवती फिरणारी रेषा झुनी कुंभारीण पूर्ण जोडत नाही, तिच्यात लहानशी फट ठेवते. ही फट जीवनाच्या वाटेशी निगडित असल्याचे त्यांनी नोंदविले. पुढे रूथ बंझेल यांनी कुंभारणींबरोबर काम करून १९२९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. नक्षी सुरू करण्यापूर्वी ती संपूर्णपणे मनात ठरलेली असते, असे कुंभारणींच्या सांगण्यावरून त्यांना दिसून आले.

या तुलनेतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मांडणीची शिस्त ही चाकावर अवलंबून नाही. हाताने घडविलेल्या भांड्यावरही ती तितकीच काटेकोर असू शकते. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. रेषेतील फटीचा अर्थ झुनी कुंभारणीने सांगितला नसता, तर केवळ भांडे पाहणाऱ्याने तिला हाताची चूक मानले असते. जोर्वे भांड्यावरील शिडी किंवा शंकरपाळी यांनाही कदाचित असाच अर्थ असेल. परंतु तो सांगणारे कोणी उरलेले नाही. म्हणून जोर्वे नक्षीला धार्मिक प्रतीकांचा अर्थ चिकटविताना संयम पाळणे आवश्यक ठरते. नक्षी कशी केली हे खापर सांगते. ती कशासाठी केली हे ते सांगेलच असे नाही.

भांडे आणि समाज

इनामगावच्या उत्खननात शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघड झाले. सधन शेतकऱ्यांची व गावप्रमुखाची मोठी घरे वस्तीच्या मध्यभागी, तर कुंभार, सोनार, चुना भाजणारे व हस्तिदंताचे काम करणारे यांची घरे पश्चिमेकडील कडेला असल्याचे उत्खननकर्त्यांनी दाखवून दिले. भट्टीचा धूर व आगीचा धोका हे कुंभाराला कडेला ठेवण्याचे व्यावहारिक कारण असू शकते. तथापि इतर कारागीरही तेथेच आहेत, त्यामुळे सामाजिक दर्जाचा प्रश्न टाळता येत नाही. गावातील सर्वांत देखणी वस्तू घडविणारा माणूस गावाच्या कडेला राहत होता, ही वस्तुस्थिती महाराष्ट्राच्या ग्रामरचनेचा अभ्यास करणाऱ्यांना विचार करावयास लावणारी आहे.

मात्र यावरून आजच्या कुंभार समाजाचा थेट वारसा जोर्वे कारागिरापर्यंत नेणे धाडसाचे ठरेल. डॉ. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्रातील कुंभारांचा अभ्यास करताना थोरचाके, लहानचाके, हातघडे अशा पोटजातींकडे लक्ष वेधले. या गटांची नावेच त्यांच्या साधनांवरून पडलेली असून, त्यांच्यात परस्पर विवाहसंबंध नव्हते. एक जात फुटून हे गट झाले नसून भिन्न मूळ असलेले गट एका व्यवसायनामाखाली एकत्र आले, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे कुंभारकामाचा महाराष्ट्रातील इतिहास एकाच धाग्याचा नाही.

मृद्भांडी आणि मानवसमूह यांचे समीकरण मांडण्याबाबतही हीच सावधगिरी हवी. नर्मदाकाठच्या नावडातोली येथील पन्हळीसारख्या तोटीच्या वाडग्यांचे साम्य इराणमधील सियाल्क येथील भांड्यांशी दाखवून डॉ. सांकलिया यांनी पश्चिम आशियाई संपर्काची, आणि त्या अनुषंगाने आर्यभाषकांच्या आगमनाची शक्यता चर्चेत आणली होती. या मांडणीने संशोधनाला चालना दिली हे निर्विवाद आहे. परंतु भांड्याचा आकार व्यापारातून, विवाहातून, अनुकरणातून किंवा समान गरजेतूनही प्रवास करू शकतो. भांडे भाषा बोलत नाही. एखाद्या आकाराच्या आधारे एखाद्या वंशाचे वा भाषेचे आगमन सिद्ध झाले असे वर्गात सांगणे, मग ते कोणत्याही बाजूने असो, पुराव्याच्या पलीकडे जाणे होय.

उत्तर जोर्वे काळातील ऱ्हास

सुमारे इ.स.पू. १००० नंतर तापी व गोदावरी खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे गावे ओस पडली. भीमा खोऱ्यात, विशेषतः इनामगावात, वस्ती टिकली. पण तिचे स्वरूप पालटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीचे प्रमाण घटले आणि शिकारीवरील अवलंबन वाढले. पावसाचे मान कमी झाल्यामुळे हे घडले, असे स्पष्टीकरण डॉ. ढवळीकर यांनी दिले आहे.

हा बदल भांड्यांतही उमटला. उत्तर जोर्वे भांड्यांचे मूळ आकार कायम राहिले; पण माती भरड झाली, भाजणी कमकुवत झाली आणि चित्रण विरळ झाले. कारागीर कसब विसरला, असे याचे स्पष्टीकरण करणे अपुरे आहे. माती निथळण्यासाठी पाणी व वेळ लागतो. उच्च तापमानासाठी भरपूर सरपण लागते. आणि नक्षीसाठी ती मागणारा व तिचा मोबदला म्हणून धान्य देऊ शकणारा शेतकरी लागतो. या तिन्ही गोष्टी दुष्काळात प्रथम आटतात. कसबाचा ऱ्हास हा अशा वेळी कारागिराच्या अंगातील उणिवेपेक्षा गावाच्या कोठारातील उणिवेचा निदर्शक असतो.

उत्तर कोकणाचा संदर्भ

जोर्वे संस्कृतीचा विस्तार किनारपट्टीचा कोकण व विदर्भाचा बराचसा भाग वगळता महाराष्ट्रभर आढळतो. भिवंडी, कल्याण व सोपारा हा परिसर ऐतिहासिक काळात घाटमार्गांनी देशाशी जोडला गेला. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. तथापि ताम्रपाषाणयुगीन चित्रित भांड्यांची परंपरा घाट उतरून येथे रुजली नाही. तिची गावे अल्प पावसाच्या प्रदेशात, नदीकाठच्या काळ्या जमिनीलगत, गहू, जव व कडधान्ये पिकविणारी होती. अतिपावसाचा, दाट जंगलाचा व भाताला अनुकूल असा कोकण या शेतीपद्धतीला मानवणारा नव्हता, असे मानावयास जागा आहे.

समारोप

ग्रामीण महाराष्ट्रात गावाच्या जमिनीची विभागणी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी केली जाते. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती यांमुळे जुन्या वस्तीची माती पांढुरकी व खताइतकी कसदार बनते. नदीकाठच्या पांढरीच्या टेकड्या हीच जोर्वे संस्कृतीची स्थळे होत. आणि याच टेकड्यांची माती शेतात टाकण्यासाठी वर्षानुवर्षे खणून नेली जात आहे. यंत्रांच्या साह्याने हे काम आता काही दिवसांत पुरे होते. गाडीभर मातीबरोबर थरांचा क्रम जातो, आणि क्रम गेल्यावर उरलेले खापर सुंदर असले तरी मुके होते.

झुनी परंपरा विसाव्या शतकात क्षीण झाली असताना नव्या पिढीतील कुंभारांना शाळेतील वर्गांचा आणि संग्रहालयांत जतन झालेल्या जुन्या भांड्यांचा आधार मिळाला. जोर्वे परंपरेला असा जिवंत वारस नाही. तिच्यासाठी जमिनीतील थर हाच एकमेव दस्तऐवज आहे. या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका महत्त्वाची ठरते. भिवंडी परिसरातील महाविद्यालयांत अन्य जिल्ह्यांतून आलेले विद्यार्थीही शिकतात. सुटीत गावी गेल्यावर पांढरीची टेकडी ओळखणे, खापरे न उचलता तिची जागा व छायाचित्र नोंदविणे आणि ती माहिती अध्यापकांमार्फत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठविणे, एवढे कार्य त्यांच्याकडून सहज होऊ शकते. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातील जोर्वे भांडी एकदा प्रत्यक्ष पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे ओळखण्यास वेगळ्या प्रशिक्षणाची फारशी गरज भासत नाही.

संक्रांतीचे सुगड, उन्हाळ्यातील माठ आणि दिवाळीची पणती आजही प्रत्येक घरात येतात आणि काम झाले की विसरली जातात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या समाजाचा इतिहास अशाच विसरल्या गेलेल्या भांड्यांतून लिहिला गेला आहे. तो इतिहास पुढे लिहिला जाईल की नाही, हे उरलेल्या पांढरी किती काळ शाबूत राहतात यावर अवलंबून आहे.